डोंबिवलीच्या शाळेतल्या चार खाटा

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं काश्मीरला जावं, निदान म्हैसूरला तरी. मी गेले ठाण्याला. तिथून कल्याण, मग शीळफाट्याकडची खेडी आणि शेवटी डोंबिवली. सगळे मिळून अठरा दिवस. निघताना शेजारणीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. "ठाण्याला? अगं, तिथं डोकं फिरलेल्यांना नेतात!" हसू दे बापडी. तासाभराच्या वाटेवर मी जे पाहिलं ते विलायतेला जाऊन आलेल्यांनी पाहिलं नसेल, आणि तिथं मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून तर लिहायला बसले आहे.

मी डोळ्यांची डॉक्टर. मूळची सांगलीची. मुंबईतल्या एका मोठ्या, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात सात वर्षं काढली. स्वराज्य आलं त्या वर्षी मी तिथं रुजू झाले आणि वाटलं, आता काय, सगळं आपलंच. कसलं काय! आमच्या विभागात न लिहिलेला एक नियम आहे. चष्म्याचे नंबर काढणं, पापण्यांच्या आतल्या खुपऱ्या घासणं, पट्ट्या बांधणं ही बायकांची कामं. मोतीबिंदू पुरुषांचा. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, बाहेरगावी असले की मी मोतीबिंदू काढायची, पण नोंदवहीत 'शस्त्रक्रिया करणार' या रकान्यात नाव सरांचं पडायचं, नाहीतर दिनकरचं. दिनकर माझ्यामागून चार वर्षांनी आला. सुरी कशी धरायची ते त्याला मी शिकवलं, खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यांवर. आणि नोंदवही लिहायची मीच, कारण माझं अक्षर चांगलं! सात वर्षं मी माझ्या सुवाच्य अक्षरात दुसऱ्यांची नावं लिहिली. कर्म माझं.

यंदा विभागात व्याख्यात्याची जागा निघाली. अट अशी की उमेदवाराच्या नावावर मोतीबिंदूच्या स्वतःच्या हातच्या निदान दहा शस्त्रक्रिया हव्यात, नोंदवहीत, सरांच्या सहीनिशी. माझ्या नावावर एकही नव्हती. मी सरांच्या खोलीत गेले आणि सरळ बोलले. सर वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मिस आपटे, माघात आपलं शिबिर आहे. चला तुम्ही. खेड्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत. बायकांची यादी तुमची." मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

ठाणे

शिबिर नौपाड्यातल्या एका शाळेत भरलं होतं. बाकं भिंतीला लावून खाटा मांडलेल्या, आणि ज्या वर्गाला उत्तरेकडची खिडकी त्यात शस्त्रक्रियेचं टेबल. सर, दिनकर आणि बाकीचे डाकबंगल्यात उतरले. आता बाईमाणसाला डाकबंगल्यात कसं ठेवायचं? म्हणून माझी सोय झाली कचेरीतल्या एका हेडक्लार्कांच्या घरी, त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत.

मालतीबाई भली बाई. पहिल्या दिवशी त्यांनी मला वालाचं बिरडं आणि नारळ घातलेली अळूची भाजी वाढली. आम्ही घाटावरची माणसं, भाकरी आणि दाण्याचं कूट यापलीकडे फारशी जात नाही. इथं सगळ्यात नारळ. मी दोनदा मागून घेतलं तेव्हा त्या खूष झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, लग्नाचं काय ठरवलंत?" मी म्हटलं, "मोतीबिंदू काढून झाले की बघू." त्यांना ते खरं वाटलं. "किती दिवस लागतात हो त्याला?" असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी शिबिरातलं उकळायचं भांडं गळायला लागलं. मालतीबाईंनी आपलं मोदकपात्र आणून दिलं. चिमटे, कात्र्या, हूक सगळं मोदकांच्या जागी मांडून आम्ही वाफवलं. सुरी मात्र नाही; सुरीला वाफ दाखवली की धार जाते, ती स्पिरिटमध्ये ठेवायची. "चतुर्थीला मी यात मोदक कसे हो करू?" मालतीबाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "करीन. तुमच्या हातून कुणाला दिसायला लागलं तर देवाला काय वाईट वाटणार आहे?"

पण माझ्या हातून ठाण्यात कुणालाच दिसायला लागलं नाही. सकाळी शाळेत गेले तर यादी फळ्यावर लागलेली. बायका पाच, आणि त्यांच्यापुढे नाव दिनकरचं. मी त्याला बाजूला घेतलं.

"हे कधी ठरलं?"

"काल रात्री जेवताना, ताई. गावातली प्रतिष्ठित मंडळी आज बघायला येणार आहेत ना, सर म्हणाले पहिल्या दिवशी जोखीम नको."

"कसली जोखीम? तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच." तो खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही तिथं असता तर मी बोललो असतो."

आता बघा. यादी डाकबंगल्यावर जेवताना ठरते आणि मी त्या वेळी मालतीबाईंच्या घरी पाटावर बसून बिरडं खाते. माझ्याविरुद्ध कुणी कट केला असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं. कट वगैरे काही नव्हता. मी त्या टेबलाशी नव्हते, एवढंच. आणि बायका पुरुषाला हात लावू देत नाहीत म्हणणारे सर! त्या पाचही बायकांनी मुकाट्यानं दिनकरकडून मोतीबिंदू काढून घेतले. टेबलावर डोळ्यांत थेंब घातले की बाई काय नि बुवा काय, कोण विचारतो?

मी सरांपुढे जाऊन उभी राहिले. रागानं माझा आवाज कापत होता, आणि आवाज कापतोय याचा आणखी राग येत होता. सर म्हणाले, "कल्याणला, मिस आपटे. शब्द देतो."

कल्याण

कल्याणला धर्मशाळेत मुक्काम. गाव जुनं, तळ्याकाठी बायका धुणी धूत होत्या आणि पलीकडे निर्वासितांच्या छावणीच्या बराकी मैलभर पसरलेल्या. सिंधी बायका कुणी काही म्हणो, सरळ रांगेत पुढे येऊन बसायच्या, आपल्या बायकांसारख्या कोपऱ्यात घुटमळायच्या नाहीत. एकीनं तर माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट पाहिली, आमच्याकडे भाजीवालीकडची भेंडी मोडून बघतात तशी, आणि मान डोलावली. मी पास झाले.

सरांनी शब्द पाळला. दोन दिवसांत सहा मोतीबिंदू मी काढले. त्या सकाळी काय वाटलं ते सांगूनच टाकते, पुढे आनंदाचं फारसं काही नाही. बुबुळाच्या कडेनं सुरी आत गेली, पलीकडून निघाली, वर आली. एका सरळ हालचालीत, कुठे अडली नाही. भिंग बाहेर आलं, पिवळसर, हरभऱ्याच्या डाळीएवढं वाटावं असं. टेबलावरची सिंधी म्हातारी पुटपुटली, "उजाला... उजाला..." मी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बाहेर जाऊन धर्मशाळेच्या मागच्या भिंतीला डोकं टेकून रडले. सात वर्षांनी माझं नाव त्या रकान्यात मी लिहिलं. 'डॉ. कु. आपटे.' सहा वेळा.

जेवायला त्या दिवशी नुसता वरणभात होता, त्यातही खडे. मला तो अमृतासारखा लागला.

शीळफाट्याच्या पुढे

आणखी चार हव्या होत्या. डोंबिवलीच्या शिबिरात बायकांची नावंच येईनात. तिथले शिक्षक म्हणाले, शीळफाट्याकडच्या खेड्यांतून बऱ्याच आंधळ्या बायका आहेत, पण कुणी बाईनं जाऊन बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत. मी निघाले. फाट्यापर्यंत एका विटांच्या ट्रकात पुढे बसून, तिथून बैलगाडी. वाटेत गाडीचं चाक चरात अडकलं, मी उतरले आणि माझी एक चप्पल खाडीच्या चिखलात कायमची राहिली. गाडीवान म्हणाला, "बाय, दुसरी बी टाक, एक घेऊन काय करशील?" टाकली. डॉक्टर अनवाणी गावात शिरली.

खाडीकडून खारट वारा येत होता, भाताची शेतं कापून झालेली, पेंढ्यांच्या उडव्या. आगरी लोकांची वस्ती. ओट्यावर एक बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती आणि बोटांनी खडे चाचपत होती. दोन्ही डोळ्यांत पांढरे शुभ्र मोतीबिंदू, पिकून बसलेले. ही पारूबाई. पन्नाशीची असेल. नवरा वारलेला, मोठ्या दिरांच्या आश्रयाला. दीर महादू पाटील, गावचे पोलीस पाटील.

"मना दिसत नाय गो बाय," ती म्हणाली, तक्रारीनं नव्हे, पाऊसपाणी सांगावं तसं. "खडा हाय का दाना हाय, बोटांना कलते. नातू कसा हाय तो नाय कलत. सगली बोलतान गोरा हाय. गोरा म्हंजे केवरा गोरा?"

मी तिला समजावून सांगत होते, तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. पारूबाईच्या हातातलं सूप खाली गेलं, ती ताडकन उठली, पदर कपाळावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून मान खाली घालून उभी राहिली. महादू पाटील आले होते. मला हसू आलं. हिला ते दिसत नाहीत, तरी पदर! पण हसण्यासारखं तरी काय? आमच्या सांगलीच्या घरी काका उंबऱ्याशी खाकरले की काकू पोळपाटावरची पोळी सोडून उठायच्या, पोळी जळली तरी. मीसुद्धा सर वॉर्डात आले की उठते. हे सगळं मी त्या ओट्यावर बसून पाहिलं. कौतुकानं पाहिलं. पुढे कुणाला सांगायला गंमत म्हणून लक्षात ठेवलं. डॉक्टर म्हणून लक्षात ठेवलं नाही.

पाटील उंच, भारदस्त, बोलायला मऊ. त्यांनी परवानगी दिली, वर आणखी तीन बायकांच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. घरात मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी ब्राह्मणाची मुलगी, पण वैद्यकीय कॉलेजात सगळं खायला शिकले आहे. झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं. पारूबाईनं ते नाक ओढलेलं ऐकलं. "बाय रडतंय का? मिरची लागली? पानी दे गो तिला!" तिच्या हसण्यात समोरचे दोन दात नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्यांतून चार बायका डोंबिवलीला आल्या.

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवती थोड्या चाळी, काही नवे टुमदार बंगले आणि बाकी शेतं नि विहिरी. मुंबईतले कारकून इथं जागा घेतात आणि 'हवा चांगली आहे' असं एकमेकांना बजावतात. हवा खरंच चांगली आहे. शाळेच्या एका वर्गात पुरुष, दुसऱ्यात माझ्या चार बायका.

चारही शस्त्रक्रिया मी केल्या, प्रत्येकीच्या एकेका डोळ्याची. पारूबाईची सगळ्यात चांगली झाली. सर मागे उभे होते, ते म्हणाले, "सुरेख." त्यांच्या तोंडून हा शब्द मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकला. दहा पुऱ्या झाल्या होत्या.

आता पट्टी सुटेपर्यंत खरी परीक्षा. मोतीबिंदू काढला की माणसानं उताणं पडून राहायचं, दोन्ही डोळे बांधलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, मान हलवायची नाही. बुबुळाच्या कडेची जखम नीट बसायला दिवस लागतात, आणि त्याआधी जोर पडला तर ती उघडून आतला द्रव बाहेर येतो. मी चौघींना एकेकीच्या कानाशी बसून सांगितलं. खोकू नका. शिंकू नका. कडक चावू नका. कुणाची आठवण आली तर रडू नका. विधी खाटेवरच. नातू आला तरी उठू नका. पारूबाई म्हणाली, "नातवाला मीच सांगन, ये रं माज्या पोटावर बस. तवा उठाया नको ना?" तीन दिवस चौघी अशा निश्चल पडल्या की मलाच भीती वाटायची, मधूनच मी त्यांच्या छातीकडे बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी वर्गाच्या कोपऱ्यात थेंबांच्या बाटल्या धूत होते. सर महादू पाटलांना घेऊन आले. भेटीची वेळ नव्हती. पण पाटलांनी गाड्या दिल्या होत्या, पेशंट आणले होते, सरांना त्यांना शिबिर दाखवायचं होतं. पाटील दाराशी थांबले. आत बायका आहेत म्हटल्यावर सभ्य माणूस सरळ कसा शिरेल? ते खाकरले.

चारही बायका उठल्या.

एका क्षणात. वाळूच्या पिशव्या खाली पडल्याचे आवाज मी ऐकले, एकामागून एक. चौघींच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि चौघींचे हात पदर शोधत होते. पारूबाईचा पदर खाटेच्या दांडीत अडकला होता, तिनं तो जोरानं ओढला, खाटेखाली उतरली आणि दिरांच्या दिशेनं कमरेत वाकली.

"झोपा! झोपा गं!" मी ओरडले. बाटली फुटली. मी आणि शिबिरातली नर्स धावलो, एकेकीला धरून निजवलं. पारूबाईच्या पट्टीतून गालावर काहीतरी ओलं उतरलं होतं. ते रक्त असतं तर बरं झालं असतं. पाटलांना काय झालं ते कळेना. "काय चुकलं माजं? काय चुकलं?" ते विचारत राहिले, आणि दाराची चौकट धरून तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. सरांनी त्यांना बाहेर नेलं.

दोघींचं काही बिघडलं नाही. तिसरीच्या डोळ्यात रक्त उतरलं, ते पुढे ओसरलं, तिला दिसतं. पारूबाईचा डोळा गेला.

पुरुषांच्या वर्गात बारा जण होते. त्यांतल्या एकालाही कुणासाठी उठावं लागलं नाही.

मी तिला काय काय सांगितलं होतं! खोकू नका, शिंकू नका. 'दीर आले तरी उठू नका' एवढंच सांगितलं नाही. तिच्याच ओट्यावर बसून डोळ्यांनी पाहिलं होतं तरी नाही. मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. ती ऐकणारी बाई होती, म्हणून तर उठली.

संध्याकाळी सरांनी मला शाळेच्या कचेरीत बोलावलं. नोंदवही उघडी होती. "मिस आपटे, वाईट झालं. पण हे व्यवसायात व्हायचंच." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "शेऱ्यात कारण लिहावं लागेल. पाटलांना आत आणलं ते मी, आता ते लिहीत बसलो तर शिबिरं बंद पडतील. आणि शस्त्रक्रिया फसली असं लिहिलं तर तुमच्या दहातली एक जाते. मग अर्जच करता येणार नाही. रुग्णानं सूचना मोडली, एवढं लिहा. खोटं नाही ते. झोपायला सांगितलं होतं, ती उठली. मग शस्त्रक्रिया मोजली जाते."

"ती तिच्या दिरांसाठी उठली, सर."

"म्हणजे उठलीच ना?"

मी टाक घेतला. कुणी हात धरून लिहवून घेतलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं काही नाही. मला ती जागा हवी होती. सात वर्षं हवी होती. मी लिहिलं: 'रुग्ण स्त्रीने दिलेल्या सूचनांचे उल्लंघन केल्यामुळे डोळा निकामी.' मग तेच वाक्य तिला द्यायच्या कागदावर उतरवलं, शिक्का मारला. सरांनी दोन्हीकडे सही केली. पारूबाईला निरोप देताना मी म्हटलं, दुसरा डोळा आहे ना, दोन महिन्यांनी त्यातला मोतीबिंदू काढू, मी स्वतः काढीन. तिनं माझा हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला. माझ्यानं तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

मुंबई

मुलाखतीला पाच जण होते, त्यांत सर. नोंदवही त्यांच्यापुढे फिरली. एका वयस्क गृहस्थांनी डोंबिवलीचं पान उघडलं, चष्मा वर केला.

"दहा आहेत. ठीक. ही शेवटची... सूचनांचं उल्लंघन. बायकांचाच वॉर्ड होता ना?"

"होय."

"आणि चौघीही उठल्या असं ऐकतो." ते हसले, दुष्टपणे नव्हे, आजोबा नातीला हसतात तसे. "बाई, चार बायका तुमचं ऐकत नाहीत. वर्गात साठ मुलगे असतात. ते कसे ऐकणार?"

मी सरांकडे पाहिलं. सर आपल्या पेनचं टोपण उघडत होते, लावत होते. पाटलांना आत कोणी आणलं हे मी त्या खोलीत सांगू शकले असते. पण मग माझं स्वतःचं वाक्य खोटं ठरलं असतं, खाली सही असलेलं. माझ्याच अक्षरात मी माझं तोंड बांधून ठेवलं होतं. जागा दिनकरला मिळाली. तो माझ्या पाया पडायला आला. त्याला काय बोलणार? मी म्हटलं, "सुरीला वाफ लावू नकोस."

पुन्हा शीळफाटा

दोन महिने झाले तसा मी पारूबाईला निरोप पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला, नाही. मग एका रविवारी मी स्वतःच गेले. ऊन चढलेलं, शेतं भेगाळलेली.

पारूबाई ओट्यावर नव्हती. आत चुलीपाशी एका कोपऱ्यात बसून होती. तिची सून म्हणाली, "आता सूप नाय देत तिच्या हातान." महादू पाटील बाहेर आले, मला खाट टाकून दिली, पाणी दिलं. आदर तसाच, पण डोळ्याला डोळा देईनात.

"दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे, पाटील. मी न्यायला आले."

"नको बाय."

"का?"

ते आत गेले आणि देवाच्या फळीवरून एक घडी केलेला कागद घेऊन आले. तेलकट डाग पडलेला. "मास्तरान वाचून दाखवला. सगल्या गावापुरं. हिनं आयकलं नाय. तुमी येवरं सांगितलं, हिनं आयकलं नाय, आन् डोला घालवला. मना वाटलं व्हतं माजीच काय चूक जाली. दोन राती झोपलो नाय. मंग मास्तरान वाचलं तवा कललं." कागदाची त्यांनी पुन्हा घडी घातली. "परत काढला त परत घालवंल. लोकांमंदी सोबा जाते. येवर्‍या चांगल्या डाक्तरीणबायचं नाव खराब व्हते."

"पाटील, ते खोटं आहे. मी खोटं लिहिलं. तिला मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही आलात तर उठू नको, हे सांगायचं माझं काम होतं. तिची काही चूक नाही. तुमचीही नाही. माझी आहे."

त्यांनी कागदाची घडी उलगडली. मग कागदावरच्या शिक्क्यावर अंगठा ठेवला. "ह्यो सरकारी कागद. मोठ्या सायबाची सही हाय. तुमी मायेन बोलतान, बाय. तिचं मन राखाया. कललं मना."

"अहो, अक्षर माझं आहे! हे बघा, मी आत्ता लिहून दाखवते!"

"जाऊ द्या," ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

मी चुलीपाशी गेले आणि पारूबाईच्या समोर जमिनीवर बसले. एक डोळा खोल गेलेला, दुसऱ्यात तो पांढरा मोतीबिंदू. मी पुन्हा सगळं सांगितलं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी सोप्या शब्दांत, माझ्या जागेच्या लोभासकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, गालावर ओलं लागलं तशी पदरानं पुसलं.

"नको गो रडू," ती म्हणाली. "तू सांगलं व्हतंस. माज्याच ध्यानात रवलं नाय. माजंच चुकलं."